न खरखरणारी केबल

शालिनीताई पाटोळेंकडे मी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसणार तेवढ्यात "थांब गं" म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी ती खुर्ची अशी गदागदा हलवली की मला वाटलं, बाईंचा माझ्यावर काही राग आहे. मग म्हणाल्या, "हं, बस आता. सरकारी खुर्ची आहे, हलवून घेतलेली बरी."

पुढे कळलं की त्या सगळंच हलवून बघतात. गॅसची नळी, जिन्याचा कठडा, डॉक्टरांचं तपासायचं टेबल. माझ्या नणंदेच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा गुडगावला मोठ्या कंपनीत, पगार बख्खळ. मी कौतुकाने सांगायला वर त्यांच्याकडे गेले तर विचारतात काय, "हलवून बघितलास का?" मी म्हटलं, "अहो ताई, मुलगा आहे तो!" तर म्हणाल्या, "म्हणून तर. जरा उलटसुलट प्रश्न विचार, कुठे सैल वाजतंय का बघ." लग्न झालं, सगळं सुरळीत आहे. पण साखरपुड्यात मी त्या मुलाला इतके उलटसुलट प्रश्न विचारले की तो अजून मला लांबूनच नमस्कार करतो.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत आम्ही एकाच ब्लॉकमध्ये, त्या वर आणि मी खाली. एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात त्या अधिकारी होत्या, निवृत्तीला आलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मूळच्या नगरच्या. वडील तिथल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून बसून यांचा कान तयार झाला आणि पुढे या गिटार शिकल्या. कॉटनची साडी, अंबाडा, नाकावर घसरणारा चष्मा आणि गळ्यात लालभडक इलेक्ट्रिक गिटार! पहिल्यांदा बघणारा माणूस हसायच्या बेतात असायचा. त्यांनी पहिली तार छेडली की त्याचं तोंड तसंच उघडं राहायचं.

रविवारी सकाळी त्या चर्चमध्ये वाजवायच्या आणि भाद्रपदात आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. एकदा कोणीतरी भोचकपणे विचारलंच, "पाटोळे म्हणजे तुम्ही ख्रिश्चन ना? मग गणपतीत कशा?" शालिनीताई शांतपणे म्हणाल्या, "गणपतीने अजून हरकत घेतलेली नाही. तुमची असेल तर लेखी द्या."

गिटारवाल्यांना गिटारीचं वेड असतं म्हणतात. यांना केबलचं होतं. म्हणजे गिटारीपासून ॲम्पपर्यंत, त्या आवाज मोठा करणाऱ्या डब्यापर्यंत, जी काळी वायर जाते, तिचं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. सा कुठला आणि नी कुठला हे मला आजही सांगता येणार नाही, आमच्या घरात माझ्या गाण्यावर अघोषित बंदी आहे. पण केबल कशी घ्यावी यावर मी आज व्याख्यान देऊ शकते, इतकं त्या बाईंनी माझं डोकं खाल्लंय.

केबल आणायला त्या जुन्या दिल्लीत लजपतराय मार्केटला जायच्या आणि पिशवी धरायला मला न्यायच्या. दुकानात गेल्यावर किंमत विचारायची नाही. आधी दोन्ही टोकांचे जॅक हातात घ्यायचे आणि त्यांच्या धातूच्या टोप्या फिरवून उघडायच्या. आत सोल्डर कसं केलंय, तार नीट बसलीय की नुसती चिकटवलीय, हे चष्मा वर करून बघायचं. टोपी उघडतच नसेल, रबरात बंद करून टाकलेली असेल, तर ती केबल तिथेच परत. "जे उघडता येत नाही ते दुरुस्तही होत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. मग दुकानदाराचाच ॲम्प सुरू करायला लावायचा, केबल जोडायची, डोळे मिटायचे आणि जॅकजवळची वायर हलवायची. वर, खाली, गोल. खर्र झालं की संपलं. नाही झालं की पुन्हा हलवायची. फार लांब केबलही नको, आवाजाचं पाणी जातं म्हणायच्या.

एकदा त्या अशाच अर्धा तास हलवत बसल्या तेव्हा दुकानदार वैतागून म्हणाला, "मैडम, केबल ले रही हो या दामाद ढूँढ रही हो?"

"दामाद होता तो इतना टाइम नहीं लगाती, भैया," शालिनीताई डोळे न उघडता म्हणाल्या. "दामाद स्टेज पे बीच गाने में बंद नहीं पड़ता."

दुकानदाराने हात जोडले आणि आम्हाला चहा मागवला.

आता आमच्या मंडळाचं सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. मंडळाच्या कमिटीत झाडून सगळे सरकारी अधिकारी. कोणी अवर सचिव, कोणी लेखा अधिकारी. सेक्रेटरी देशपांडे तर असे की मंडपाला खिळे आणायचे तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवणार, आणि त्यातलं सगळ्यात कमी दराचं घेणार. सरकारात याला एल-वन म्हणतात. गणपतीची मूर्तीसुद्धा एल-वननेच आणायचे हो! एका वर्षी बाप्पाचे डोळे दोन वेगळ्या दिशांना बघत होते, पण दर सगळ्यात कमी होता.

त्या वर्षी देशपांड्यांच्या डोक्यात आलं की गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी मंडळाच्या स्वतःच्या केबली असाव्यात. झालं. तीन कोटेशनं, सगळ्यात कमी दर, आणि रबरात बंद जॅकच्या केबलींचं एक भेंडोळं दारात हजर. शालिनीताईंनी एक उचलली, टोपी फिरवून बघितली, ती फिरेना. त्यांनी केबल दोन बोटांत धरून देशपांड्यांकडे परत केली.

"देशपांडे, एल-वनमध्ये मी उभी हयात घालवली आहे. एल-वनने आलेले पंखे आमच्या सेक्शनमध्ये आहेत. फिरतात, पण वारा येत नाही."

"पण ताई, प्रोसिजरप्रमाणे घेतल्यात. उद्या ऑडिटला काय दाखवणार?"

"मंडळाला कुठलं आलंय ऑडिट?"

देशपांडे जरा गोंधळले. "नाही, तसं नाही... पण सवय असते ना हो."

तालमीला शालिनीताईंनी नाइलाजाने तीच केबल लावली आणि पहिल्याच गाण्यात हात वर केला. "खरखरतेय." सगळे थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हात वर. दुसऱ्या दिवशी शालिनीताईंनी स्वतःची केबल आणली, लजपतराय मार्केटची, हलवून हलवून घेतलेली. आणि दुसऱ्या गाण्यात हात वर केला.

"ही पण?" कीबोर्डवाल्याने विचारलं.

"ही पण. दमट हवेने असेल."

मी तालमीला चहाचा थर्मास घेऊन बसायचे. मला खरखर ऐकू आली नाही. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय! पण बाकीच्यांचे चेहरे बघितले तर त्यांनाही आली नव्हती. तिसऱ्या दिवशी नवी केबल, नवं कारण. व्होल्टेज. मग ॲम्प. मग कम्युनिटी हॉलचं प्लगचं भोक. गाणारी बाई मधल्या ओळीत थांबून थांबून रडकुंडीला आली. "यार, एक गाना तो पूरा होने दो," ती पुटपुटली आणि ते शालिनीताईंनी ऐकलं. त्यांनी मान खाली घालून जॅक पुन्हा लावला. एरवी असल्या बोलण्यावर एक तरी टोला हाणल्याशिवाय त्या राहत नसत.

दुधाच्या बूथवर देशपांड्यांनी मला गाठलं. "मनीषाताई, तुम्ही त्यांच्या जवळच्या. जरा बोला. कमिटीत चर्चा आहे. यंदा त्यांची गिटार नको, फरीदाबादचा एक गिटारवाला तयार आहे. ताईंना आपण स्टेजवर बोलवू, शाल-श्रीफळ देऊ."

"शाल-श्रीफळ?" माझं टाळकंच सटकलं. "जिवंत माणसाला वाजवू द्यायचं नाही आणि वर शाल पांघरायची? यंदाचा त्यांचा शेवटचा गणपती आहे, देशपांडे. निवृत्त झाल्या की क्वार्टर सोडून नगरला जाणार त्या."

"म्हणूनच तर सन्मान," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हे हो तो. पण त्याला कार्यक्रम बिनचूक पार पाडायचा होता, आणि तेही खोटं नव्हतं.

मी शालिनीताईंना काही सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. रविवारी दुपारी चर्चमधून आल्या आल्या त्यांनी मला वर बोलावलं. पलंगावर सगळ्या केबली ओळीने मांडलेल्या. गिटार गळ्यात. चेहरा पांढरा पडलेला.

"मनीषा, मी डोळे मिटते. तू एकेक केबल लाव. कुठली लावलीस ते सांगू नकोस. आज काय तो निकाल लागू दे."

"ताई, मला त्यातलं..."

"प्लग काढताना ॲम्प बंद करायचा, लावला की चालू करायचा. एवढं येतं ना? मग झालं."

त्या पाठ करून बसल्या, डोळे मिटले. मी पहिली केबल लावली, ॲम्प चालू केला. त्यांनी तार छेडली. "हिच्यात आहे थोडी." मी बंद केला, दुसरी लावली, चालू केला. "हिच्यात जास्त." ॲम्प बंद केला, तिसरी केबल घेतली, तिचा जॅक एकदम जाईना. मी वाकून धडपडत होते, आणि मागून त्यांचा आवाज आला, "हां! हीच ती. बघ कशी खरखरतेय. ऐकलीस?"

मी तशीच वाकलेली राहिले. ॲम्प बंद होता. त्याचा लाल दिवा विझलेला होता. आणि केबल तर अजून माझ्या हातातच होती.

त्या वळल्या. त्यांनी डोळे उघडले, आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग दिव्याकडे. मग गिटार गळ्यातून काढून पलंगावर ठेवली आणि म्हणाल्या, "अच्छा."

एवढंच. मला वाटलं होतं त्या चिडतील, माझ्यावर खेकसतील. मला ते चाललं असतं. पण त्या केबली गुंडाळायला लागल्या, एकेक, सावकाश, आणि मी कपाळकरंटी चहा करते म्हणून स्वयंपाकघरात पळाले आणि तिथे ओट्याशी उभी राहून रडले.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी तपासण्या केल्या, नस कमजोर झालीय म्हणाले, कानात आवाज येत राहील, कधी कमी, कधी जास्त, सवय करून घ्या. शालिनीताईंनी विचारलं, "दुरुस्त होत नाही?" डॉक्टर म्हणाले, "आतलं उघडून दुरुस्त करता येत नाही ते, मॅडम." हे ऐकून त्या मोठ्याने हसल्या. डॉक्टर बिचारे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काय माहीत!

रिक्षात त्या म्हणाल्या, "देशपांड्यांना कळता कामा नये. कळलं की शाल आलीच."

"तुम्हाला कसं कळलं शालीचं?"

"मी खरेदीत आहे, मनीषा. कोटेशन आलं की माल काय येणार हे मला कळतं." सफदरजंगच्या सिग्नलला म्हणाल्या, "वाजवता येतंय गं मला. बोटं ठीक आहेत. सूरही कळतात. फक्त ही खरखर माझी की केबलची, ते कळत नाही. दर खरखरीला थांबले तर कार्यक्रमाचा विचका. नाही थांबले आणि केबल खरंच गेलेली असली, तर सगळ्यांपुढे शोभा. म्हणून तू पुढच्या रांगेत बस. तुला खरखर ऐकू आली तर हात वर कर. मी दुसरी केबल पायाशी ठेवीन. तू हात वर केलास तरच बदलीन, नाहीतर ऐकलं न ऐकलं करीन."

"मी? अहो, मला गाण्यातलं कळतं का काही?"

"म्हणूनच तू. कळणारे गाण्यात वाहून जातात. तू नाही जाणार."

असा सन्मान माझ्या गाण्याच्या अज्ञानाचा उभ्या आयुष्यात कोणी केला नव्हता.

त्यानंतरच्या तालमींत त्यांनी एकदाही हात वर केला नाही. दातओठ खाऊन वाजवायच्या आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवायची, नाही. देशपांडे खूश. "बघा, बोललात ना तुम्ही? फरक पडला." मी म्हटलं, "बिल्कुल." फरीदाबादचा गिटारवाला रद्द झाला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडप खच्चून भरला. नोएडा, गाझियाबाद, कुठून कुठून माणसं आलेली. मी पहिल्या रांगेत, मधोमध, हात मांडीवर. आमचे हे शेजारून म्हणाले, "तू काय परीक्षेला बसलीयस का?" मी म्हटलं, "बोलू नका, मला ऐकू द्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की लग्नाला इतकी वर्षं होऊन बायको आज गाणं ऐकतेय!

पहिली तीन गाणी निभावली. शालिनीताई बघायच्या, मी मान हलवायची. चौथं त्यांचं एकटीचं वादन. बाकीचे थांबले आणि लाल गिटारीचा आवाज एकटा वर चढला. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, उशिरा, म्हणजे प्रमुख पाहुण्यांच्या वेळेवर. देशपांड्यांना राहवतंय का? त्यांनी त्या गृहस्थांना चालू वादनात स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून दिली.

आणि मला ऐकू आलं. खर्र.

माझा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. खरंच आलं का? की मीच इतके दिवस खरखर खरखर ऐकून वेडी झालेय? मी यांच्याकडे बघितलं, ते मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. खर्र, पुन्हा. मागच्या रांगेत कोणीतरी "क्या हुआ?" म्हणालं. म्हणजे आता ती खरी होती. मग दिसलं, पाहुण्यांच्या खुर्चीचा पाय बरोब्बर केबलवर होता, आणि साहेबांना मांडी हलवायची सवय. साहेब हलले की खर्र. जगातली सगळ्यात चांगली केबल हलवून हलवून घ्या, तिच्यावर प्रमुख पाहुणा बसला तर ती काय करणार!

मी हात वर केला. चांगला उंच, कोपर सरळ करून. शालिनीताईंनी बघितलं. पायाशी ठेवलेल्या दुसऱ्या केबलकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नाही.

माझा विश्वास बसेना. मी दोन्ही हात वर केले. मागच्याने मला बसल्या जागी खाली वाका म्हणून सांगितलं. त्या वाजवतच राहिल्या. खर्र होत होतं, आता सगळ्यांना ऐकू येत होतं, लोक चुळबुळत होते, देशपांडे साऊंडवाल्याकडे धावत होते, आणि त्या डोळे मिटून त्या खरखरीतून वाजवत होत्या, न थांबता, जराही न चुकता. मनात म्हटलं, बाई, डोकं फिरलं का तुमचं! अहो, सगळं आयुष्य ज्या खरखरीशी वैर केलं, तिलाच स्टेजवर घेऊन बसलात? आणि मग चुळबुळ थांबली. कधी थांबली ते कळलं नाही. लोक खरखरीसकट ऐकायला लागले होते. माझे हात मी कधी खाली घेतले तेही मला आठवत नाही.

शेवटचा सूर संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुणे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि खरखर थांबली.

शालिनीताई त्या हिवाळ्यात निवृत्त होऊन नगरला गेल्या. सामान गेलं, निरोप झाले, सगळं रीतसर झालं. पण मला त्या आजही दिसतात कार्यक्रमाच्या त्या संध्याकाळी, स्टेजमागे, प्रसादाच्या पातेल्यांशेजारी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, कपाळावर घाम. मी तणतणतच गेले होते.

"ताई, मी हात वर केला होता! खरी होती ती, केबलचीच होती!"

"माहीत आहे. तू हात वर केलास तेव्हाच कळलं."

"मग बदलली का नाही?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "सगळ्यांना ऐकू येत होती ना?"

"सगळ्यांना! माझ्या यांनासुद्धा."

"रोज मी त्या आवाजात एकटी असते गं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून. आज सगळा मंडप होता माझ्याबरोबर. म्हटलं, बसू दे थोडा वेळ."

आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढे आरती सुरू झाली, आम्हाला हाका आल्या, पण मी त्यांचा हात हातात घेऊन तिथेच बसून राहिले.